पाणमांजराचे काटे

धाकटीच्या पाणमांजराला निसर्ग संग्रहालयाच्या छायाचित्र स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. साळिंदर म्हणून.

वाचून झालं असेल तर हे आता विसरून जावं. बक्षीस मिळालं नाही, मिळणार नव्हतं, मिळायचा प्रश्नच नव्हता. असं का समजायचं ते पुढे येईल, आणि ते कुणाच्या मनाचं नाही, चांगलं सही-शिक्क्यानिशी आलेलं आहे. तेव्हा कोऱ्या मनानं सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी धाकटी तपासणीच्या खोलीत बसली होती. तिच्या बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हीच्या मधे ही खोली. खिडकी नाही, दाराला काळा पडदा, एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता. संध्याकाळी चार ते सहा बाबा तिथे लोकांचे डोळे तपासत. उरलेले बावीस तास खोली रिकामी असे, आणि धाकटी ती रिकामी राहू देत नसे. प्राण्यांचे फोटो काढायचे आणि ते संगणकावर बसून निगुतीनं सुधारायचे हा तिचा उद्योग. त्या कामाला बाहेरचा उजेड चालत नाही. उजेड बदलला की डोळा फसतो, आणि डोळा फसला की हात सैल सुटतो. त्यामुळे अख्ख्या घरात तिला आवडणारी जागा एकच, आणि त्याच जागेवर आता मशीन येणार होतं.

मशीन म्हणजे डोळे तपासायचं नवं यंत्र. ते सोमवारी सकाळी लाकडी खोक्यात बंद होऊन आलं आणि दुकानाच्या मधोमध एखाद्या रुसलेल्या व्याह्यासारखं बसून राहिलं.

"टेबल हलव तुझं," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"टेबलं जातात तिथे."

"बाबा, शुक्रवारी फोटो द्यायचाय. रविवारी निकाल. एक आठवडा थांबलं तर मशीन काय आंबणार आहे?"

बाबांनी हनुवटी खाजवली. आई ओट्यापाशी उभी होती. तिनं नुसता घसा खाकरला. त्या घरात एवढ्यावर पुष्कळ निर्णय होत.

"ठीक," बाबा म्हणाले. "रविवारी बक्षीस आणलंस तर मशीन पुढे शोकेसशेजारी बसवतो. लोकांचे डोळे चारचौघांत तपासतो, वर त्यांच्या शिव्या खातो. खोली तुझी. नाही आणलंस तर खोली मशीनची, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही."

"पहिलंच पाहिजे?"

"दुसऱ्या नंबरची काच पहिल्या नंबरच्या डोळ्याला चालते का?"

झालं. आई साक्षीदार.

फोटो मुळात झकास होता. धाकटी चार पहाटे नदीकाठच्या चिखलात पोटावर पडून राहिली होती. चौथ्या पहाटे पाणमांजर पाण्यातून वर आलं, अंग झाडलं आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं न कळवता आलेल्या पाहुण्याकडे घरातली बाई बघते. तेवढ्यात तिनं बटण दाबलं. ओली, मऊ लव, मिशांवर थेंब, मागे फिकट करडं पाणी. आता फक्त हलक्या हातानं थोडं शार्पनिंग आणि थोडा कॉन्ट्रास्ट द्यायचा होता.

या दोन गोष्टी मिठासारख्या. कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं तर पाहुण्यांपुढे बसून हसायला लागतं. शार्पनिंग वाढवलं की प्रत्येक केसाची कड उठून दिसते. आणखी वाढवलं की कडेला पांढरी रेघ येते आणि प्राणी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की अंगाला गोलाई येते. आणखी वाढवला की सावलीचा कोळसा होतो. स्पर्धेचा नियम क्रमांक नऊ होताच : धार आणि उठाव नैसर्गिक वाटतील इतकेच असावेत. कुणाला वाटतील, ते नियमात नव्हतं.

म्हणून धाकटीनं स्वतःची पद्धत बसवली होती. आधी स्क्रीनवर फोटो मोठा करून डोळा बघायचा. मग लहान करून सगळा बघायचा. मग उठून चहा करायचा, परत येऊन नव्यानं बघायचा. शेवटी पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढून, आई दुसऱ्याच कामात असताना, तिच्या हातात द्यायची. आई "अय्या, पाणमांजर!" म्हणाली तर काम जमलं. "केवढे केस गं!" म्हणाली तर शार्पनिंग जास्त. "कधीचा फोटो?" म्हणाली तर कॉन्ट्रास्ट कमी. ही कसोटी सहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

चुकली ती त्या आठवड्यात, आणि चुकण्याचं कारण बाबांच्या एका जुन्या खरेदीत होतं.

बाबांनी एकदा स्वस्तात मिळाल्या म्हणून एकाच नमुन्याच्या दोन डझन फ्रेमा घेतल्या होत्या. चौकोनी, तपकिरी, घातली की माणूस कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्यासारखा दिसे. एकही विकली गेली नाही. तेव्हा त्या सगळ्या घरातच जिरवायचं ठरलं. आईला ती, धाकटीला ती, लग्न होऊन लांब गेलेल्या थोरलीला पार्सलनं ती. नाक कसंही असो, घरात सगळ्यांचा चेहरा एकच. बाबा तेवढे सुटले, कारण चष्मेवाल्याला नंबर नसतो असं त्यांचं मत होतं. लांबचं वाचताना ते डोळे बारीक करत, तो विचार करण्याचा भाग होता.

सोमवारी संध्याकाळी आई आणि धाकटी दोघी बेसिनपाशी तोंड धुवायला आल्या, दोघींनी चष्मे काचेच्या फळीवर ठेवले आणि दोघींनी एकमेकींचे उचलले. आईचा जवळचा, अधिक एक. धाकटीचा लांबचा, उणे अर्धा. फरक दीड नंबराचा. एवढ्यानं माणूस खांबावर आदळत नाही. एवढ्यानं माणूस फक्त दुसऱ्यांना दोष देतो.

मंगळवारी धाकटी स्क्रीनसमोर बसली. स्क्रीन मोठी, हातभर लांब. पाणमांजर किंचित मऊ वाटलं. आदल्या दिवशी एवढं मऊ नव्हतं. "डोळा ताजा झाला की खरं दिसतं," ती स्वतःशी म्हणाली आणि शार्पनिंग तीसवरून पंचावन्नवर नेलं. प्रिंट काढली. आई काकडीचे भेंडीएवढे जाड तुकडे करत होती. सुरी थांबवून तिनं चष्मा लावला. आई चष्मा एरवी क्वचितच लावत असे, पण निकाल द्यायचा असला की लावायचाच, त्याशिवाय निकालाला वजन येत नाही असं तिला वाटे.

"पाणमांजर आहे ना?"

"आहे ना म्हणजे?"

"म्हणजे आहे. पण जरा धूसर आहे गं."

दोन माणसं, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगत होती. याहून मोठा पुरावा कोर्टातही मागत नाहीत.

बुधवारी ऐंशी. आई म्हणाली, "बरं आहे, पण अजून उठत नाही. आणि हल्ली औषधांच्या पाकिटावर काय छापतात कोण जाणे, मुंगीनं सही केल्यासारखं."

"छपाई बिघडलीच आहे सगळीकडे," धाकटी म्हणाली. ती दूध आणायला गेली तेव्हा रस्त्याचं टोक धूसर दिसलं होतं. ते तिनं धुक्यावर ढकललं. दुपारचे बारा वाजले होते, पण धुक्याला काय, घड्याळ नसतं.

गुरुवारी तिला स्वतःचीच शंका आली. ती शहाणी मुलगी होती; चूक आपल्या डोळ्यांत तर नाही, हे तपासायला हवं असं तिला वाटलं. तपासायचं साधन तर डोक्यावरच लटकत होतं. ती खुर्ची मागे घेऊन तक्त्यासमोर बसली, एक डोळा हातानं झाकला आणि अगदी खालची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचली : त, ख, न, व, ल, प. दुसरा डोळा. त, ख, न, व, ल, प. एकही चूक नाही.

नसणारच. तो तक्ता त्या घरात तीस वर्षं टांगलेला होता. धाकटी पाळण्यात रडायची तेव्हा बाबा तिला तोच म्हणून दाखवत. शाळेत कविता आठवेना तेव्हा थोरलीनं स्टेजवर तक्ताच म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. ती ओळ धाकटीला डोळे मिटूनही दिसत असे, आणि त्या दिवशी साधारण तशीच दिसत होती. पण तिनं निष्कर्ष काढला : डोळे ठणठणीत, पाणमांजर आजारी. मग शार्पनिंग एकशे वीस. कॉन्ट्रास्ट तर तिनं असा वाढवला की मागचं करडं पाणी डांबर झालं.

तेवढ्यात बाबा मोजपट्टी घेऊन खोली मोजायला आले. मशीनच्या मापानं. धाकटीनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाबांनी एक भिंत मोजली, मग डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघितलं.

"हे कोण?"

"पाणमांजर."

"विजेचा धक्का बसलाय का त्याला?"

"बाबा, तुम्ही मोजा ना."

"मोजतोय. मी आपलं माणुसकीनं विचारलं."

"तुम्हाला खोली पाहिजे, म्हणून तुम्हाला तसं दिसतंय."

हे बाबांना लागलं. तीस वर्षं लोकांना कसं दिसतंय ते ठरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात हे ऐकावं लागलं. पट्टी सर्रकन मिटवून ते निघून गेले आणि त्यानंतर त्यांनी त्या फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि पुष्कळ कागद वाचला असता.

शुक्रवारी धाकटी मोठी प्रिंट काढायला छपाईवाल्याकडे गेली. त्याच्या बोटांवरची शाई कधीच जात नसे म्हणून सगळे त्याला शाई म्हणत. शाईनं प्रिंट दिव्याखाली धरली आणि शीळ घातली.

"साळिंदर फर्स्ट क्लास आलंय."

"हो का. मागच्या वेळी माझ्या बगळ्याला तू कपडे वाळत घालायचा स्टँड म्हणाला होतास."

"तो विनोद होता."

"हाही आहे."

शाईनं डोकं खाजवलं. आयुष्यभर थट्टा केली की एक दिवस असा येतो की माणूस खरं बोलतो आणि कुणी दाद देत नाही. तो मुकाट्यानं प्रिंट गुंडाळू लागला. धाकटीनं ती संग्रहालयात नेऊन दिली. फॉर्मवर शीर्षकाच्या रकान्यात लिहिलं : पाणमांजर. प्राण्याच्या नावाचा वेगळा रकाना होता, पण तेच पुन्हा काय लिहायचं म्हणून तिनं तो सोडून दिला.

शनिवारी आई बाबांना म्हणाली, "माझा नंबर वाढलाय. सुईत दोरा जात नाही. चार दिवस झाले, सुईच दिसत नाही म्हणा ना."

बाबांनी तिचा चष्मा काढून काचेचा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. वाकले. सरळ झाले. परत वाकले.

"हा तुझा नाही."

"घरात आणखी कुणाचा असणार? सगळ्यांना एकच तर दिलाय तुम्ही."

बाबा तडक तपासणीच्या खोलीत गेले, धाकटीच्या नाकावरचा चष्मा उचलला आणि हातातला तिथे बसवला. धाकटीनं आधी तक्ता बघितला. खालच्या ओळीत खरोखरच अक्षरं होती. मग तिनं स्क्रीन बघितली.

पाण्यातून जे वर आलं होतं ते पाणमांजर नव्हतं. अंगावरच्या लवेचा प्रत्येक ओला झुबका टोकदार होऊन उभा होता, प्रत्येक टोकाला पांढरी कड, दोन टोकांच्या मधे काळी दरी. डोळे म्हणजे कोटाची दोन बटणं. मिशा तर अशा की त्यांवर पडदे टांगावेत.

"अगंबाई," मागून आई म्हणाली. तिनंही आता स्वतःचा चष्मा लावला होता. "साळिंदर का गं हे?"

धाकटी चप्पल न घालताच निघाली होती. आईनं हाक मारून घालायला लावली. संग्रहालयात कारकूनबाई होत्या. फोटो परत घ्यायचा असेल तर अर्ज परीक्षणाआधी तीन दिवस द्यावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. परीक्षण उद्याच असल्यामुळे तीन दिवस आधीचा दिवस परवाच निघून गेला होता. "तो दिवस परत आला की कळवू," कारकूनबाई म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

रविवारी निकाल लागला. सस्तन प्राणी, पहिला क्रमांक : बिबट्याचं शेपूट. धाकटीनं यादी तीनदा वाचली, खोलीवर मनातल्या मनात पाणी सोडलं आणि वळली. तेव्हा शेजारचा फलक दिसला. काटेरी व कवचधारी प्राणी, पहिला क्रमांक : साळिंदर, शीर्षक 'पाणमांजर'. खाली परीक्षकबाईंचा अभिप्राय : "नदीकाठच्या साळिंदराला पाणमांजर म्हणण्यातली काव्यात्मता मनाला भिडते. काट्यांची धार नैसर्गिक असून शार्पनिंगचा संयमित वापर नव्या पिढीनं अभ्यासावा."

नियम क्रमांक नऊ तंतोतंत पाळला गेला होता. फक्त प्राणी बदलला होता.

घरी ती बक्षिसाची ढाल घेऊन आली तेव्हा बाबा खोक्यावर बसले होते. त्यांनी ढालीवरचं वाचलं. डोळे बारीक न करताही वाचता येईल इतकी अक्षरं मोठी होती.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "बक्षीस म्हणजे बक्षीस. खोली तुझी."

"पण हे साळिंदर आहे."

"मी प्राणी कुठला ते बोललो नव्हतो."

धाकटी खोलीत जाऊन बसली. तिची खोली. पडदा ओढला. अंधार अगदी पाहिजे तसा. तिनं मूळ फोटो उघडला आणि स्वतःच्या चष्म्यानं, हलक्या हातानं, वीस मिनिटांत काम उरकलं. शार्पनिंग पंचवीस. कॉन्ट्रास्ट एवढासाच, मिशांवरचे थेंब उठावेत इतका. पाणमांजर परत मऊ झालं, ओलं झालं आणि तिच्याकडे परत तसंच बघायला लागलं. न कळवता आलीस, ठीक आहे. पण माझ्याबद्दल गावभर काय सांगून आलीस?

तो प्रश्न तिला काही केल्या मोठा-लहान करता येईना. ती अर्धा तास त्याच्यापुढे बसली. मग ढाल बगलेत मारली.

"कुठे निघालीस?" आईनं विचारलं.

"खोली देऊन येते."

परीक्षकबाईंनी दोन्ही प्रिंट शेजारी-शेजारी ठेवल्या. आलटून पालटून पाहिल्या. शेवटी मऊ प्रिंटवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे छान आहे हो. हे द्यायचं सोडून ते कशाला दिलंत?"

"आईचा चष्मा," धाकटी म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण परीक्षकांना मान डोलवायची सवय असते.

बुधवारी पत्र आलं, सही-शिक्क्यानिशी : सदर स्पर्धकाने प्राणी साळिंदर नसल्याचे स्वतः कळविल्यामुळे, सदर बक्षीस दिलेच गेले नव्हते असे समजण्यात यावे, मऊ प्रतीचा विचार पुढील वर्षी, तीन दिवस आधी अर्ज आल्यास, करता येईल. पाहा, सुरुवातीला सांगितलं होतं तसंच.

गुरुवारी मशीन खोक्यातून बाहेर आलं आणि खोलीत बसलं. धाकटीचं टेबल टेबलं जातात तिथे गेलं, म्हणजे जिन्याखाली, जिथे दुपारी तीन ते पाच भिंतीवर ऊन नाचतं आणि कुठल्याही फोटोत पाण्याचा रंग चहासारखा दिसतो. तिनं तोंड वाकडं केलं नाही. ठरलं होतं.

संध्याकाळी बाबांनी तीस वर्षांचा तक्ता उतरवला, शाईकडून मऊ पाणमांजराची मोठी प्रिंट आणवली आणि त्याच खिळ्याला टांगली. आता गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, एक डोळा झाकायला लावून ते विचारतात, "डाव्या बाजूला मिशा किती?" अकरा म्हणाला तर नंबर नाही. पाठ कुणालाच नाही. सगळ्यात आधी त्यांनी स्वतः मोजल्या, सहाच निघाल्या. आईनं तपकिरी फ्रेम पुढे केली.

त्या फ्रेममध्ये बाबा अधिकारी दिसतात हे बघूनच असेल, धाकटीला तो अर्ज सुचला. शुक्रवारी सकाळी तो काउंटरवर, त्यांच्या नव्या चष्म्याखाली दाबून ठेवलेला सापडला :

प्रति,
मा. चष्मेवाले,
दुकान व घर यांचे सर्वाधिकारी यांसी.

विषय : मशीन आलेच नाही असे समजण्याबाबत.

महोदय,

संग्रहालयाच्या पत्रान्वये, अर्जदाराचे घडलेले बक्षीस घडलेच नव्हते असे सर्व संबंधितांनी विनातक्रार समजून घेतले आहे. त्यावरून, घडलेली गोष्ट न घडलेली समजता येते हे सिद्ध होते. तरी त्याच न्यायाने, तपासणीच्या खोलीत सध्या उभी असलेली, सुमारे दोन मण वजनाची वस्तू तेथे नाही असे समजण्यात यावे. तिच्या जागी अर्जदाराचे टेबल आहे असे समजण्यात यावे. व हे सर्व नीट दिसत नसल्यास आपण कृपया आईचा चष्मा लावून पाहावे, ही नम्र विनंती.